उंचीचा रकाना

त्या वर्षी मी भिंती मोजत हिंडत होतो.
टेप, खडू, शंभरपानी वही,
आणि जिने चढायला नाराज असलेला डावा गुडघा.
नारायण पेठेत, दवाखान्याच्या जिन्यापाशी: साडेसात फूट.
शनिवारात, बंद छापखान्याच्या मागच्या दारावर: नऊ.
एका बाईंनी घराला पाच वेळा रंग दिला
पण तेवढी वीतभर पट्टी सोडून.
"इथवर आलं होतं," म्हणाल्या,
आणि हात वर धरून तशाच उभ्या राहिल्या,
बस थांबवायला उभं राहावं तशा.

बारा जुलै एकसष्ट.
पुण्यात पूर म्हटलं की साल विचारत नाहीत.
कुणाचं लग्नाचं पातेलं चिंचेच्या झाडावर सापडलं,
कुणाचे वडील "पेटी घेऊन येतो" म्हणून आत गेले.
मी सगळं लिहून घेत होतो:
जागा, उंची, साक्षीदार.
रकाने मीच आखले होते. चाळीस वर्षं आरेखक होतो,
रेघ मारायची मला सवय.

गेनबा कडूंकडे गेलो ते वेगळ्याच कामाला.
पाणीपुरवठ्यातले निवृत्त व्हॉल्व्हमन.
कात्रजच्या जुन्या नळाचा एक उच्छ्वास
सायकलच्या दुकानामागे आहे, तो त्यांनाच माहीत.
दाखवला. दगडी धुराड्यासारखा,
वर कुणीतरी कुंडी ठेवलेली.
"पानी कोंडलं की त्याला बी श्वास लागतो," म्हणाले,
आणि कुंडी बाजूला सरकवली.

चहा घेताना सहज विचारलं,
तुमच्याकडे पूर कितीवर होता?

हसले. बशी खाली ठेवली.
"आमच्याकडं उलटा.
आमचं गाव धरनात. त्याच पावसात पैल्यांदा भरलं.
देऊळ गेलं, शाळा गेली, बांधावरचा आंबा गेला.
आमी वर, पत्र्याच्या शेडात.
आन् ज्या दिशी तुमच्याकडं चढलं,
त्या दिशी आमच्याकडं उतारलं.
गाव वर आलं."

मी पेन उघडं धरून बसलो होतो.

"आय धावतच उतारली. मांडीपातूर गाळ.
मारुतीचा शेंदूर धुतलेला, नुसता दगुड.
भिताडं बसल्याली. पन उंबरा हुता. जागच्या जागी.
रडली न्हाई ती. गाळच घेतला हातात
आन् चूल सारवाय बसली.
मी सोळा वर्साचा. मला म्हनली, सरपन बघ.
सरपन! समदं रान भिजल्यालं.

तिसऱ्या दिशी मानूस आला सांगत,
पुन्यात लय मानसं गेली.
आयनं इचारलं, कुनाच्या पान्यानं?
तो गप.
मंग तिनं हात धुतले.
चूल अर्धीच ऱ्हायली."

पुढे धरण पुन्हा बांधलं, पुन्हा भरलं.
दुसऱ्यांदा बुडताना बघायला कुणी गेलं नाही म्हणे.
आणि गेनबा चौतीस वर्षं
पहाटे साडेचारला लोखंडी चावी खांद्यावर टाकून
पेठेत येत राहिले.
"चावी फिरवली का पैली हवा येती," म्हणाले,
"मंग गढूळ. मंग तुमचं पानी."
"तुमचं" म्हणताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं.
मी नीट ऐकत होतो, खरंच काही नव्हतं.

घरी येऊन वही उघडली.
जागा: लिहिता आली. गावाचं नाव त्यांच्या
पेन्शनच्या पुस्तकात अजून आहे.
साक्षीदार: गेनबा कडू.
उंचीपाशी बराच वेळ बसलो.
मग लिहिलं: उंबरा.

मंडळाच्या अहवालात ती ओळ आली नाही.
टंकलेखक मुलगा चांगला आहे, हुशार आहे,
म्हणाला, काका, तिथे आकडा राहिला होता तुमचा,
म्हणून मी ती काढली.